मांडवातली पिशवी

काल्हेर,
३ एप्रिल २००४

ती. सौ. विनिताताईस,
अनंताचा शि. सा. न. वि. वि.

ताई, उशीर झाला, कबूल. पत्र लिहायला बसायचो नि उठायचो. एकदा तर 'आक्काला' एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात समोरच्या गोडाऊनला टीव्हीची खोकी भरलेला ट्रेलर वळताना नाल्यात कलला. तो बघायला गेलो तो अंधार पडेपर्यंत तिथंच. पण खरं कारण ट्रेलर नव्हे. कागदावर लिहिलं की ते पक्कं होतं, म्हणून लांबवत होतो.

आपल्या आईला, आक्काला कॅन्सर झालाय. लघवीच्या जागी, आत.

फोन केला नाही, कारण भूपेशच्या बूथला काचेचं दार नुसतं नावाला आहे आणि त्याचे कान सुपाएवढे. तुमच्याकडचा फोन तुझ्या सासऱ्यांच्या खाटेला टेकून. अशा जागेचं दुखणं ओरडून कसं सांगायचं?

मी बेल्लारीहून मालाच्या ट्रकबरोबर मानकोलीला उतरलो होतो. दोन दिवस घरी राहून पुढे सुरतेला जायचा बेत होता, तिथे एक बिकानेरचा ड्रायव्हर मला बाटी करायला शिकवणार होता. ते जाऊदे. सकाळी मोरीत गेलो तर फरशीच्या फटीत लाल. आक्का म्हणाली उन्हाळी लागलीय. दिवाळीपासून उन्हाळी! धन्याचं पाणी पीत होती, सब्जा पीत होती, आणि दुखत नाही म्हणून कोणाला सांगत नव्हती. मी तिला जबरदस्तीने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. त्यांनी दुर्बीण घालून आतून खरवडून काढलं नि तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, मांसात शिरलाय.

डॉक्टर चांगला होता, कागदावर चित्र काढून सांगितलं. लघवी साठते ती पिशवीच काढून टाकायची. आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याची नळी करायची, तिचं तोंड पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं, त्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटवायची. लघवी तिच्यात येत राहणार, भरली की रिकामी करायची. जन्मभर. मी विचारलं, दुसरं काही? तर म्हणाला आतड्याचीच नवीन पिशवी आत बसवतात काहींना, पण आक्काची गाठ खाली बाहेरच्या वाटेपर्यंत आलीय, तिला ते जमणार नाही. किरणांचा शेक देऊन, सलाइनमधून औषध सोडून जागा वाचवतात, तेही काहींना चांगलं लागू पडतं. पण आक्काच्या डाव्या किडनीच्या नळीवर गाठ बसलीय, किडनी सुजलीय. अशाला नुसत्या शेकाचा भरवसा तो देत नाही. ऑपरेशन मे महिन्यातच व्हायला हवं म्हणाला.

आक्काने सगळं ऐकलं नि शेक द्या म्हणाली. बसमध्ये मी भांडलो. तेव्हा खिडकीबाहेर बघत बोलली की, धवलारीन मांडवात देवाला बोलावते, मुताची पिशवी लावून मी कोणत्या तोंडानं बोलावू. हळदीला हात लावू कशी. तीस वर्षं ती धवले गातेय ताई, तिच्याशिवाय काल्हेरात लग्न लागत नाही. मरणाला भीत नाही ती. बाबांना विचारलं तर म्हणाले ती म्हणेल तसं, आणि जाळं घेऊन खाडीवर गेले.

मी काय करू? दहावी नापास माणसाने कोणाला काय समजवायचं? बाळ कसं आहे, त्याचं नाक आपल्याकडचं की मितेशदाजींकडचं? लिही. माया आहेच, पण आत्ता जरा जास्त पाठव.

तुझा,
अनंता


रेवदंडा,
१० एप्रिल २००४

चि. अनंता यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. न्हाणीत बसून वाचलं नि तिथेच रडून घेतलं, बाहेर सासूबाईंना वाटलं टाके दुखतायत. दुखतातच म्हणा. पोट फाडून बाळ काढलंय, अजून खोकले तरी जीव जातो, म्हणून मला येता येत नाही. हे मला टोचतंय ते टाक्यांपेक्षा वाईट.

बाळाचं नाक तुझ्यासारखं आहे. बिचारा.

आता ऐक. तू पहिल्यांदा कुठेतरी कामाच्या वेळी हजर आहेस, तर आता सुरत नि बाटी डोक्यातून काढ. आक्काला वाद घालून पटत नसतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तिला फक्त वडप्याच्या पुतळाबाईचा शब्द लागतो, कारण धवले तिनेच शिकवले. पण तिच्याकडे चुकूनही जाऊ नकोस. ती म्हातारी किती कडक ते तुला आठवत नसेल. कोणाच्या घरी गेली तरी त्यांच्या पाटावर बसत नसे, स्वतःची गोणपाटाची घडी काखेत घेऊन जायची, ती पसरायची, त्यावरच बसायची, उठताना आपल्या हाताने उचलायची. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. इतकं सोवळं. पाळीतली बाई मांडवाच्या मेढीजवळ उभी दिसली तर सगळ्यांदेखत तिला बाहेर घालवायची. आता तर वर्षानुवर्षं घर सोडून कुठे जातच नाही म्हणे. तिला हे कळलं तर आक्काचं गाणं ऑपरेशनच्या आधीच संपेल.

तू आक्काजवळ बस. तिला बोलू दे. आणि तिची मशेरी बंद कर, इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तंबाखूने हा रोग होतो, नुसता तोंडाचाच होतो असं नाही. मी माझी डबी परवाच विहिरीत टाकली. दाताला दोन दिवस चैन नाही.

जेवत जा. मला विसरू नकोस, आणि तिला सोडून जाऊ नकोस.

तुझी,
विनिताताई


काल्हेर,
३० एप्रिल २००४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी घाण केलीय ताई. सरळच सांगतो, नाहीतर परत ट्रेलरबद्दल लिहीत बसेन.

तू म्हणालीस बोलू दे, तर बोलू दिलं. रोज तेच. वास येईल. गळेल. पिशवीवाली धवलारीन म्हणून पोरं हसतील. मी म्हटलं लुगड्याच्या आत कोणाला कळतं? तर म्हणाली तुला काय ठाऊक, तू लावून बघितलीस का. मला वाटलं, खरंच की.

इस्पितळातल्या नर्सताईंनी दाखवायला म्हणून एक पिशवी दिली होती. मानकोलीच्या उन्नतीच्या लग्नात आक्का गाणार होती, तिच्या हळदीच्या दिवशी, निघायच्या आधी, मी ती पोटावर उजवीकडे चिकटवली. आत पाणी भरणार होतो. मग वाटलं पाणी भरणं म्हणजे लबाडी, पाण्याला कुठे वास असतो? म्हणून माझंच भरलं. तोंडाशी नीट बंद केलं, वर बनियन, वर शर्ट.

ताई, आधी ते गरम लागतं. मग शरीरासारखंच होतं. चालताना तांब्यातलं पाणी हलावं तसं हलतं, पण थोड्या वेळाने ध्यान राहत नाही. मी आक्काच्या शेजारी हळदीचं ताट धरून उभा राहिलो. ती गात होती. मध्येच थांबायची, ओठ चावायची, तिला त्या दिवशी रक्त जात होतं हे मला माहीत होतं नि तिला वाटत होतं की मला माहीत नाही. तरी आवाज असा लागला की बेंजोवाले विड्या विझवून ऐकत बसले. नंतर मी नाचलोसुद्धा. एका काकूने माझ्या कमरेला धरून नाचवलं. कोणाला वास नाही, डाग नाही, काही नाही. मी मनात म्हणत होतो, जिंकलो.

घरी आल्यावर शर्ट वर केला नि दाखवलं. मला वाटलं होतं ती हसेल. निदान शिव्या देऊन हसेल.

ती बघत राहिली. विचारलं, आत काय हाय. मी खरं सांगितलं. मग ती खालीच बसली. म्हणाली, त्या पोरीच्या हळदीत तू मूत घेऊन उभा होतास आणि मी तिथे देव बोलावत होती. उन्नतीच्या संसाराला काही झालं तर ते माझ्यावर. मी म्हटलं, काही होणार नाही. तर म्हणाली, मलाही काही होणार नव्हतं, झालंच ना.

तेव्हापासून चहाशिवाय काही घेत नाही. माझ्याशी बोलत नाही. काल इस्पितळातून ऑपरेशनची सोमवार १७ मे अशी तारीख मिळाली, ती मी बाबांना सांगितली, बाबांनी तिला सांगितली. तिने कूस बदलली. मी तिला पटवायला गेलो आणि तिच्याच हातात नाही म्हणायला कारण दिलं.

पिशवी धुऊन माळ्यावर लपवलीय. टाकून का दिली नाही ते विचारू नकोस.

रागावलीस तरी उत्तर दे. तुझ्या रागावर पण दिवस निघतात माझे.

अनंता


रेवदंडा,
५ मे २००४

चि. अनंता यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, टाके ओढले गेले, मग रडले. मितेशना वाटलं मला वेड लागलं. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या भावाला अक्कल नाही पण आपल्यापैकी कोणी लावून बघितली असती का?

झालं ते झालं. तिला माफी हवी असेल तर माफी माग, दंड हवा असेल तर दंड भर. ती सांगेल ते कर, सांगेल तिथे जा. फक्त सतरा तारीख हातची जाऊ देऊ नकोस. आई गेली तर त्या मांडवाचं काय करायचंय मला? माझ्या पोराला तिने मांडीवर घ्यायचंय अजून.

ट्रक खुणावत असतील. त्यांच्याकडे पाठ करून बस.

तुझ्यावर विसंबलेली,
ताई


काल्हेर,
११ मे २००४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस ती सांगेल तिथे जा. तिने मला वडप्याला पाठवलं.

परवा सकाळी हाक मारली, इतक्या दिवसांनी. म्हणाली पुतळाबाईकडे जा, काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग, माझा आजारपण सांग, नि दोष कसा फेडायचा ते विचारून ये. तुझं पत्र आठवलं, पाय निघेना. पण गेलो.

म्हातारी दारातच गोणपाटावर बसली होती, तू लिहिलंस तसंच. आजूबाजूला सगळी गोडाऊनं उठलीत, मधोमध तिचं घर चिंबोरीसारखं दबा धरून बसलेलं. मी उभ्यानेच सगळं ओकलो. रक्त, गाठ, पोटावरची नळी, हळद, माझं मूत. ती ऐकत होती, डोळे मिटून. शेवटी एवढंच विचारलं, की नाचताना पिशवी गळली का. मी म्हटलं नाही, थेंबही नाही. मग बराच वेळ तिने गोणपाटाचे धागे उपसले, नि म्हणाली जा घरी. दोष नाही, दंड नाही, काहीच सांगितलं नाही.

येताना मी हायवेला थांबलो होतो. इंदूरचा ट्रक लागला होता, ड्रायव्हर ओळखीचा निघाला, म्हणाला चल. पाय पायरीवर ठेवला होता ताई. खोटं कशाला बोलू. मग उतरलो.

आक्काला सांगितलं, पुतळाबाई काही बोलली नाही. तिने त्याचा अर्थ लावून टाकला. म्हणाली, जिनं शिकवलं तिनं पन तोंड फिरवलं. आज सकाळी बाबांसमोर मला बजावलं, डॉक्टरला कळव, मी येणार नाही, शेकही नको नि ऑपरेशनही नको. लघवीतून आता रक्ताच्या गाठी पडतात. डावी कूस दुखते म्हणून उजवीवर निजते, भिंतीकडे तोंड करून. मी ओट्यावर बसून तुला लिहितोय. काय लिहायचं तेही संपलंय. तू बाळाला घेऊन ये म्हणणार होतो, पण तुझे टाके. आणि आली असतीस तरी ती भिंतीकडेच बघत राहिली असती. मला कळत नाही मी इतके गाव हिंडून शिकलो काय. आईला वाचवायला एक वाक्य लागतं, ते कुठल्याच गावात मिळालं नाही मला.

दारात कोंबड्यांचा टेम्पो थांबलाय. थांब जरा.

ताई, पुतळाबाई आलीय! रिकाम्या खुराड्यांना धरून मागे बसून आली, काखेत गोणपाट. बाबा हातातलं जाळं टाकून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं पण नाही, सरळ आत गेली, आक्काच्या अंथरुणाशी घडी पसरली नि बसली. आक्का धडपडत उठायला लागली तर तिला दाबून निजवलं. मी दाराआड होतो, ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

ती म्हणाली, ही घडी सोवळ्याची न्हाय गं. चौथ्या पोराच्या येली माझा अंग बाहेर आला, तवापासून मूत ठरत न्हाय. जिथं बसेन तिथं भिजतं, म्हणून आपला घेऊन हिंडते. तुझ्या हळदीला मी ओलीच होती. देव आलं, तुला ही दोन पोरा झाली.

आक्काने ती घडी हाताने चाचपून बघितली. म्हातारीने बघू दिली. मग आक्काने भिंतीकडून तोंड वळवून मला हाक मारली, अनंता, ती कुठं टाकलीस, आण. माळ्यावरून पिशवी काढून दिली. म्हातारीने उजेडाला धरून उलटीपालटी केली नि म्हणाली, आमच्या येली असं काय असतं तर मी घरात बसली असती का.

मला आता बाहेर घालवलंय. आतून विचारतायत, पोटावर उजवीकडे की डावीकडे लागते. मी इथूनच ओरडून सांगितलं, उजवीकडे. मग आक्काने विचारलं, ऑपरेशनचा सोमवार किती तारखेला येतो, तेही सांगितलं.

टेम्पोवाला थांबलाय, हे पत्र त्याच्याच हाती भिवंडीला टाकायला देतो. माया कमी पडू देऊ नकोस, सतरा तारखेपर्यंत तरी.

तुझा,
अनंता