रुमालाखालचा भाव

१२ जुलै, शनिवार

एमबीएची खरी किंमत आज मनाशी मांडली. फी सोडून. शनिवार-रविवार दुकान नोकराच्या हाती, म्हणजे शेतीपंपाची अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात. दुपारची झोप गेली. वाचायचा चष्मा लागला. आणि सगळ्यात महाग पडलं ते हे, की बोथ ते आदिलाबाद जाता-येता मधुकर मास्तर शेजारच्या सीटवर.

साडू असून एकाच वर्गात. गाडी माझी, डिझेल माझं. कॉलेजच्या फाटकात उतरलो की पोरं नमस्कार घालतात ते मास्तराला. निम्मी त्याच्याच शाळेतून गेलेली.

त्याने फॉर्म भरला तेव्हा बायको, वंदना, एवढंच म्हणाली, "भाऊजी या वयात शिकून राह्यले." तिसऱ्या दिवशी मी पण भरला. दुकान वाढवायचं म्हणून, असं लोकांना सांगतो.

२० जुलै, रविवार

नवा विषय सुरू. वाटाघाटी. मॅडम हैदराबादच्या, हिंदीत समजावतात. फळ्यावर सौद्याच्या पायऱ्या काढल्या. मला हसू आलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून नार्नूरच्या बैलबाजारात दलाली केली, त्यावर हे दुकान उभं राहिलं. समोरच्याचा श्वास ऐकून सांगतो, अजून किती खाली येईल.

येताना मा.ला म्हटलं, "हा पेपर मी झोपेत काढीन. तुमाले अडलं तर या, फी घेनार नाही."

"येईन ना, शेट." आणि वहीत लिहीत बसला. चालत्या गाडीत. अक्षर सुद्धा हलत नाही त्याचं.

२ ऑगस्ट, शनिवार

वं.च्या बचत गटाचं तिखट उटनूरचा एक ठेकेदार वर्षभरासाठी घ्यायला तयार आहे. वसतिगृहांच्या मेसला पुरवतो तो. भाव ठरवायला तिला बोलावलंय.

हे मला कसं कळलं? ओसरीवर बसलो होतो. आत मिक्सर चालू, त्यातून तिचा फोनवरचा आवाज. "भाऊजी, पहिले मी बोलू का त्याले बोलू देऊ?"

भाऊजी. ज्याने जन्मात एक कोंबडी विकली नाही.

जेवताना विचारलं, "कोनाचा फोन होता?"

"ताईचा."

ताईला भाऊजी कधीपासून म्हणायला लागली, ते विचारलं नाही. भाजी तिखट होती. तरी चांगली झाली म्हटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रात्यक्षिक. गुण निकालात धरणार. दोघादोघांच्या जोड्या, एक विकणारा, एक घेणारा, सगळ्या वर्गासमोर. माझ्या वाट्याला मास्तरच आला. म्हटलं, बरं झालं.

उठलो, खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला, आत बोटं धरली. चार लोकांत भाव तोंडाने बोलायचा नसतो. बाजारात पहिल्या दिवशी हेच शिकलो. दोन बोटं दाबली.

मा.ने हात मागे ओढला. "शेट, हात सोडा ना. पोरी पाहून राह्यल्या."

वर्ग हसला. मग तो एकटाच बोलत सुटला. मालाचा दर्जा, वाहतूक, दोघांचाही फायदा, पुढची वीस वर्षं. मी आपला बोटं दाबत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "सर, आप तो कुछ बोले ही नहीं. मैं नंबर किस बात के दूँ?"

गाडीत मा. म्हणाला, मनावर नका घेऊ. असं म्हणणाऱ्याचा आवाज किती गोड असतो. मी गाणी लावली. मोठ्याने.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळ्याचे पाहुणे गेले. वं. अंगणात तिखट चाळत होती. आज विचारूनच टाकलं.

"मले काऊन नाही इचारलं? घरात भावाची गोष्ट, आन तू इचारते मास्तराले."

चाळणी थांबली नाही. "लग्न झाल्यावर तुमच्यासंग बाजारात येत होती मी. चहा घेऊन बाजूले उभी राहो. तुमचा हात रुमालात, आन वरतून तुमी दोघं आभायाकडं पाहून राह्यले. आत काय झालं ते मले कधी दिसलंच नाही. भाऊजी तोंडानं तरी सांगतात."

"मंग शिक आता."

रुमाल आणला, तिच्या हातावर टाकला. एक बोट, दोन बोटं, पूर्ण मूठ. भरभर शिकली. दोनदा तर माझ्याच भावाला खाली ओढलं. मग हसायला लागली.

"आन त्या ठेकेदाराचा हात धरू मी असा? साऱ्या बायांसमोर?"

तिच्या हाताचं तिखट माझ्या बोटांना लागलेलं, आग आग. नळाखाली धरून बसलो.

तिथूनच विचारलं, "मास्तराचं सांगनं कामाचं हाय का?"

"अर्धं हाय. त्याहिले नाही म्हनता येत नाही कोनाले."

जे बरं वाटलं ते फक्त इथे लिहितो.

३१ ऑगस्ट, रविवार

वं. आरशासमोर बोलून पाहते. "पावसाळ्यात मिरची सुकत नाही, भाव तोच नाही राहनार." असं. वाक्यं मास्तराची. मधे थांबते, हात पदराखाली जातो, बोटं हलतात. ते माझं. कुठलं जास्त आहे हे दाराआडून मोजायचा प्रयत्न केला. तिने दार लावून घेतलं.

६ सप्टेंबर, शनिवार

परवा उटनूर. गटातल्या बायका जीपने, वं. आमच्या गाडीत. मला आणि मा.ला, दोघांनाही तयार राहायला सांगितलंय. मा. नवा शर्ट घालणार, त्याची बायको सांगत होती. मी पण इस्त्रीला टाकला.

"आत तुझ्यासंग कोन येनार?"

"पाहू. तिथं गेल्यावर."

तिचा श्वास ऐकला. काही कळलं नाही.

मधल्या परीक्षेचा निकाल आज लागला. मा. सगळ्या विषयांत पास. मी पण पास, एक सोडून.

वाटाघाटीत नापास.