आप्पांचं ओलं मनगट

शुक्रवार, संध्याकाळ

अजून डोक्यातून जात नाहीये. खालापूरच्या रिसॉर्टवरून पेंटबॉलच्या, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या, तीन गन दुरुस्तीला घरी आणल्या. उद्या सकाळी तिथं खेळायला ग्रुप येणार. दोन झाल्या, तिसरीत हवा टिकेना. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, कान लावला. काही नाही. वैतागून गन आदळणारच होतो.

आप्पा ओटीवर भाताच्या फवारणीचा पंप धूत होते. त्यांना ऐकू येत नाही, माझी चिडचिड त्यांनी नुसती पाहिली. उठले, मनगट पाण्यात बुडवून गनवरून हळूहळू फिरवलं आणि गोळी सुटते त्या नळीच्या तोंडाशी थांबले.

"इथं गार लागतंय रं. आतली रिंग गेली हाय."

खोलली. आतल्या रबरी रिंगला केसाएवढी चीर! त्यांनीच पंपाच्या डब्यातली एक रिंग काढून दिली, ती चपखल बसली. हवा टिकली. एका ओल्या मनगटाला एवढं कळतं? इतकी वर्षं शेजारी बसतोय, मला पत्ताच नाही.

"जमलं, आप्पा!" मी ओरडलो. त्यांना ऐकू कुठून येणार, लक्षही नव्हतं. मनगट पुन्हा ओलं करून ते मी आधी दुरुस्त केलेल्या दोन गन तपासत होते. त्यातली एक त्यांनी नळीच्या तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे सरकवली.