माझ्या नावाचं फुलपात्र

११ फेब्रुवारी १९९२

टी.बी. नाहीच! कधी नव्हताच!

ठाण्याच्या नव्या डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून दाखवली. डाव्या फुप्फुसाला रक्त पोचवणारी मोठी रक्तवाहिनी मला जन्मापासूनच नाही. म्हणून ते फुप्फुस वाढलं नाही, मुठीएवढंच राहिलं. दम लागतो तो त्यामुळे, खोकल्यातून रक्त पडतं तेही त्यामुळेच. कोणाला लागत नाही, घराण्यात उतरत नाही, असं दोनदा सांगितलं त्यांनी.

मग पंधराव्या वर्षापासून मी भोगलं ते काय? दोनदा पूर्ण कोर्स. त्या इंजेक्शनांनी कान कायमचा बिघडला, अजून वाजत असतो. पेढे वाटावेत की डोकं आपटावं?

१२ फेब्रुवारी

पहिल्यांदा रक्त पडलं त्याच आठवड्यात बाबांनी माझ्यासाठी ताट, वाटी, फुलपात्र आणलं. प्रत्येकावर ‘सरोज’ कोरून. घरातल्या बाकी भांड्यांवर कुणाचं लग्न, कुणाची मुंज, खाली तारीख. माझ्या भांड्यांवर नुसतं नाव — चुकून दुसऱ्या कुणी तोंड लावू नये म्हणून. फळी वेगळी, घासायची मीच. माझी धाकटी बहीण हेमा तेव्हा दहाची. एकदा माझ्या फुलपात्रातून पाणी प्यायली, तर आईने तिच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं. तेव्हापासून ती माझ्याशी लांबूनच बोलते.

आज सकाळी मी माझी भांडी सगळ्यांच्या मांडणीत ठेवली. दुपारी पाहते तर परत फळीवर.

१५ फेब्रुवारी

भांडी परत फळीवर का गेली, ते आज कळलं. हेमाला कल्याणचं स्थळ आलंय.

जेवताना बाबा म्हणाले, "टी.बी. झाला होता, बरा झाला, असंच सांगायचं. जन्मजात म्हटलं की लोक रक्तातच खोट काढतात. मग हेमाला कोण करून घेईल?"

डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगितलं.

"डॉक्टरला आपल्या मुली उजवायच्या नाहीत."

म्हणजे ज्या रोगापायी माझं एकही स्थळ उंबऱ्यापर्यंत आलं नाही, तोच आता घराची अब्रू राखायला हवा! आणि बरा झाला म्हणता, तर भांडी वेगळी का? विचारलं मी. आई म्हणाली, सवय झालीय.

हेमा खाली मान घालून भात कालवत होती. तिला काय! तिचं घोडं गंगेत न्हालं म्हणजे झालं.

१७ फेब्रुवारी

कुणाशी बोलायचं नाही. हेमाशी तर नाहीच.

२२ फेब्रुवारी, वर्तकनगर

उद्या पाहुणे येणार. मला मालूमावशीकडे धाडलंय. पोह्यांच्या वेळी मी खोकले तर काय घ्या!

पिशवी हेमाने भरली होती. इथे उघडली तर ताट आहे, वाटी आहे, फुलपात्र नाही. एवढंही लक्षात राहू नये? मावशीने वरून पाणी ओतलं, मी ओंजळीने प्यायले. पंचविशीची बाई मी.

२३ फेब्रुवारी

संध्याकाळी हेमा आली. एकटी, दाखवायच्या साडीतच. पर्समधून माझं फुलपात्र काढलं.

पाहुण्यांसमोर ती त्यातून पाणी प्यायली. मुलाच्या आईने नाव वाचलं, सरोज कोण म्हणून विचारलं. हेमाने सगळं सांगितलं, जन्मजात हा शब्दसुद्धा. पाहुणे पोहे टाकून उठले. बाबा म्हणाले, जा मग तिच्याकडेच.

वेडी आहेस का, मी म्हटलं.

"आई बघायची म्हणून लांब राहायचे गं, ताई. लहानपणी तू शाळेत गेलीस की रोज यातूनच पाणी प्यायचे मी. मला काय झालं?"

मावशी तांब्या घेऊन दारात उभी होती. हेमाने फुलपात्र भरून घेतलं, अर्धं प्यायली आणि उरलेलं मला दिलं.