भार्गवीचा मिशीवाला

लातूर, ९ जुलै १९९७

ती. दादांस विनीताचा नमस्कार. वि. वि. इकडे सगळं ठीक असतं, पण तुमच्या लेकीचा मासा ठीक राहू देईल तर ना!

भार्गवी बारावीच्या क्लाससाठी आमच्याकडे राहायला आली, आनंद झाला. पण काचेची पेटी कुणी आणायला सांगितली होती? बोटाएवढा मासा, मिशीवाला, अंगावर पत्रे ठोकल्यासारखं कवच. तळाची वाळू हुंगत असतो आणि मध्येच सुसाट वर येऊन पुन्हा खाली. भूकंप जनावरांना आधी कळतो, हे चार वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर कितीजणांनी सांगितलं! म्हणून तो वर आला की मी सगळ्यांना अंगणात काढते. काल हे जेवणाचं ताट घेऊनच बाहेर आले. शेजारची गौरम्मा आता रोज खिडकीतून विचारते, मासा खाली हाय ना म्हणून. भार्गवी गणितं अर्धवट राहिली म्हणून आदळआपट करून राहिली. बेजार झाले मी. काहीतरी करा.

वहिनींना नमस्कार. रागावू नका.

तुमची विनीता

नांदेड, १५ जुलै

चि. सौ. विनीतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. मासा जिथून घेतला त्या दुकानदाराला मुद्दाम विचारलं. ही जातच वर येऊन हवेचा घोट घेते म्हणे. भूकंपाचा काय संबंध! पोरीला डॉक्टर व्हायला पाठवलंय, अंगणात बसायला नाही. रविवारी येऊन मासा घेऊन जातो. भार्गवी रुसली तर रुसू दे.

राघवेंद्ररावांना नमस्कार. जिवाला जप.

तुझा दादा

लातूर, ३० जुलै

ती. बाबांस सा. न.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे आधीच लिहिते. मासा नेलात आणि काय मिळवलंत? आत्या आता घरात झोपतच नाही. बाज कायमची अंगणात, वर पत्रा. परवा पावसात माझी भौतिकची वही भिजली, कारण मलाही तिथंच बसवते. समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. उपयोग शून्य.

त्याच्या पाण्यात मीठ घालू नका, सोसत नाही. टोकदार खडीही नको, मिशा झिजतात. आईला सांगा, मी जेवते.

तुमची (अजून रागावलेली) भार्गवी

लातूर, ६ ऑगस्ट

ती. दादांस विनीताचा नमस्कार.

मासा परत आणून द्या. हसू नका. दुकानदार म्हणतो ते मला पटलंय, मी काही अडाणी नाही. पण तुम्ही सगळ्यांनी तो वर आला तेवढंच धरलं. बाकी सारा वेळ तो तळाशी गप पडलेला असायचा, ते कुणी विचारलं नाही. तो गप दिसला की मी आत येऊन आडवी व्हायचे. भूकंपापासून स्लॅबखाली पाठ टेकली नव्हती दादा, ती मासा घरात होता तेवढ्याच दिवसांत टेकली. तुम्हाला लिहायची लाज वाटली, म्हणून नुसती तक्रार लिहिली. आता आत गेले की कुणाकडं बघू?

पोरीचं नुकसान होतंय ते मला दिसतंय, आणि माझाच मला संताप येतो. येत्या रविवारी याच. जोडीला आणखी तीन-चार आणा. भार्गवी म्हणते, एकटा ठेवला की तो घाबरतो.

लोभ आहेच, धीरही असू द्या.

तुमची विनीता