तलावावरच्या विमानाची निरवानिरव

मी, धरमसिंग उत्तमसिंग आडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, पूर्वी पाटबंधारे खात्यात तलावाचा चौकीदार, राहणार चिंचतांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, आज रविवारी घरच्या ओसरीत बसून, कोणाच्या धाकाखाली न येता वा भरीस न पडता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छातीतली झडप, आणि परवा मंगळवारी नागपूरला ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. ते ऐकूनच मला मृत्युपत्र सुचलं. याआधी असा कागद मी केलेला नाही, तेव्हा रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. तांड्यातलं राहतं घर माझी पत्नी सुखीबाई हिच्या हयातीत तिचंच राहील. तिच्या पश्चात मुलगा प्रेम आणि मुलगी जया यांना ते समसमान मिळावं. लेकीला हिस्सा कायले, असं आमचे काही भाऊबंद म्हणतील. त्यांनी तसं आपापल्या मृत्युपत्रात लिहावं, माझ्यात तोंड घालू नये.

२. विहिरीजवळचं कपाशीचं वावर प्रेमला. तलावाकडचा तुरीचा तुकडा जयाला. बँकेत जे काही आहे ते सुखीबाईचं.

३. माझी सुतारकामाची हत्यारं, म्हणजे रंधा, करवत, वाकस आणि पटाश्या, प्रेमला द्यावी. तो पुण्यात काचेच्या ऑफिसात बसतो, त्याला ती लागणार नाहीत, पण बापाकडून काहीतरी जड उचलून न्यावं एवढीच इच्छा. गिरमिट चुलतभाऊ उकंडाकडे आहे. त्यानं त्याचं टोक मोडलं आणि लाजेनं परत आणलं नाही. ते आता त्यानंच ठेवून घ्यावं. हे दान नाही, हा राग आहे, आणि तो कायम समजावा.

४. जुनी बैलबंडी मोडीत काढू नये.

५. आता विमान. सुखीबाई म्हणते, मृत्युपत्रात खेळण्याचं काय काम? पण बाकीचं सगळं मी गेल्यावर आपोआप वाटलं जाईल. हेच जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तलावावर चौकीदारी करताना मी हिवाळ्यात येणारी बदकं पाहत आलो. जड अंगाचं पाखरू पाण्यावर धावत जातं, पायानं पाणी मागं ढकलतं आणि कधीतरी सुटतं. नेमकं कधी सुटतं? हे मला कधीच पकडता आलं नाही. निवृत्त झाल्यावर जयानं मोबाइलवर लाकडी विमानाचा नकाशा दाखवला. रिमोटवर चालणारं, खाली दोन होड्या असलेलं, पाण्यावरून उठणारं. म्हटलं, हेच. आमच्याकडे ढेकळांच्या वावरात विमान धावणार कुठे? सपाट जागा म्हणजे एक तलाव.

नकाशा मोठा छापायचा होता, म्हणून जयानं तो फ्लेक्सवाल्याकडे दिला. त्यानं सवयीनं खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार’ असं छापून दिलं. तो ओसरीच्या भिंतीवर टांगला, तर लोक विचारायचे, धरमसिंगभाऊ, निवडणुकीले उभे हाय का?

नकाशात परदेशी हलकं लाकूड सांगितलं होतं. मी वाळलेली सावरी घेतली, पंखाच्या फासळ्या तिच्याच पातळ फळ्यांतून कापल्या, आणि फासळ्या जोडणारी आडवी काडी बांबूची घातली. होड्यांचं मात्र कोडं पडलं. त्यांचा तळ सरळ नाही, मध्येच एक पायरी तोडलेली. सरळ तळ सोडून पायरी कायले? मी दोन होड्या केल्या, एक पायरीची, एक सपाट, आणि गुरांच्या हौदात दोरीनं ओढून पाहिल्या. सपाटीला पाणी चिकटून राहतं. पायरीपाशी त्याची पकड तुटते आणि होडी वर येते. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की जेवण सुचलं नाही. म्हशी मात्र दिवसभर त्या हौदाला तोंड लावेनात.

मोटर आणि रिमोटचं काम रामराव इंगोले यांनी केलं. दारव्ह्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि माझा तेवढा एकच दोस्त. पी हळद अन् हो गोरी, असा माझा स्वभाव नाही, व्हार्निश नीट वाळू दिलं. मग बॅटरी कुठे ठेवायची यावर वाजलं. नकाशातली खूण पुढे होती. रामराव म्हणाले, खुणेवर ठेव. आता, आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्यामिठाच्या गोण्यांची लदेणी वाहिली, मी बंडी हाकली. ओझं पुढे आलं की बंडी धुरेजड होते, बैलाच्या मानेला गाठी येतात. चांगला गडी ओझं जरा मागेच ठेवतो. मी म्हटलं, मुक्या जिवाच्या मानेवर वजन टाकणार नाही. रामराव म्हणाले, “अबे, याले बैल कुठी हाय?” मी ऐकलं नाही, बॅटरी मागे सरकवली.

विमान पाण्यावर धावलं, सुटलं, आणि बंडी उलाळ व्हावी तसं तोंड वर करून उभं राहिलं. मग शेपटीवर मागे आलं आणि बुडालं. रामराव हसले. मी म्हणालो, रिमोट तुझ्या हातात होता. ते म्हणाले, अक्कल तुह्या हातात होती. पंख मी पुन्हा बांधला, पण तेव्हापासून दोन वर्षं आम्ही बोललेलो नाही. ते विमान पुन्हा पाण्यावर गेलंही नाही. मरणाची भीती मला आहे, नाही असं नाही. पण ते नीट उठतं का, हे न पाहता जायचं, हे जास्त सलतं.

सबब, माझ्या पश्चात सदर विमान रामराव इंगोले यांना द्यावं. बॅटरी त्यांनी हवी तिथं ठेवावी. उठलं तर तलावाच्या पाळीवर उभं राहून मला मोठ्यानं सांगावं.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं. दुपारी कागद तपासायला दारव्ह्याच्या वकीलबाई आल्या, आणि जयानं मला न विचारता साक्षीदार म्हणून रामरावांनाच आणलं. वकीलबाईंनी बजावलं, कागदातून ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. रामरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन खाली ठेवला.

“मले सही नाही कराची.”

“काहून?” मी विचारलं.

“सही केली त विमान जाते. मले विमान पाह्यजे.” मग चष्मा काढून म्हणाले, “अन् त्यासाठी तुह्या मरनाची वाट पाहू कायले? बॅटरी कुठी हाय?”

आम्ही सगळे तलावावर गेलो. बॅटरी त्यांनी खुणेवर बांधली. सुखीबाईनं माझा दंड धरला होता. विमान धावलं, पायरीपाशी पाणी फाटलं, होड्या वर आल्या, आणि ते सुटलं. नेमकं कधी सुटलं ते यावेळीही मला पकडता आलं नाही. पळसांच्या वरून त्यानं मोठा फेरा मारला. मी रडलो, हे लिहून ठेवायला हरकत नाही. आज वारा पडलेला होता, हेही लिहून ठेवतो.

मग बॅटरी संपत आली आणि ते तुरीत उतरलं, पाण्यावर नाही. रामराव म्हणतात, पाण्यावर उतरताना होडीची टाच आधी टेकवावी लागते. माझ्या मते सगळं पोट एकदम टेकवावं. यावरून पाळीवरच पुन्हा वाजलं. निकाल लागलेला नाही.

सबब कलम पाचमधली देणगी मी रद्द करतो. विमान कोणालाच देत नाही, ते मला लागणार आहे. रामरावांना या कागदातून आता काहीही मिळत नसल्यानं वकीलबाईंनी त्यांना सही करायला मोकळं केलं आहे.

ठिकाण : चिंचतांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार : (सही) धरमसिंग उत्तमसिंग आडे

साक्षीदार :
१. (सही) ॲड. मैत्रेयी काळबांडे, दारव्हा
२. (सही) रामराव इंगोले, दारव्हा. लिहून ठेवणार शुद्धीवर आहे, हे मी पाहिलं. बॅटरी घरी नेतो, चार्ज करून ठेवतो.