ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेट आणि हुडकोचं स्थळ

सेक्टर ५, भिलाई (म.प्र.)
दिवाळीनंतरचा रविवार, १९८८

ति. शामदादा,

भिलाईहून नरहरीचा वाकून नमस्कार. जहाजावर पाय ठरत असतील, पोटात अन्न ठरत असेल आणि मिशी अजून शिल्लक असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा (म्हणजे तुझ्या मारोतमामांचा) एक कान प्लांटातल्या रेल मिलच्या खडखडाटाने ठेवून घेतला तो काही परत मिळत नाही, पण उरलेल्या कानाने ते नको तेवढं बरोबर ऐकतात. आत्या, म्हणजे तुझ्या मातोश्री, भंडाऱ्याहून आमच्याकडे मुक्कामाला आल्या आहेत आणि ठणठणीत आहेत. तब्येत बिघडली आहे ती माझी, आणि त्याला तुम्ही मायलेक जबाबदार आहात, निम्मे निम्मे.

तुझा वाटा आधी सांगतो. लोक परदेशी बंदरातून नातेवाइकांना साबण पाठवतात, घड्याळ पाठवतात. तू अमेरिकेहून हार्डकोर पंकची कॅसेट पाठवलीस, म्हणजे चार टोळक्यांचा आरडाओरडा, आणि वर चिठ्ठी, की यातला एक बँड मी समोर उभा राहून ऐकला, गर्दीत चष्मा फुटला, तू ऐक आणि नंबर लाव. पहिल्या दिवशी मी टू-इन-वन बिघडला म्हणून पेचकस घेऊन उघडून बसलो. (आईला वाटलं, आत उंदीर गेला.) मग हळूहळू ते अंगात मुरलं. टाइम ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावायच्या, साहेबाला जी सर म्हणायचं आणि घरी येऊन, जे साहेबाला म्हणता आलं नाही ते या पोरांकडून म्हणवून घ्यायचं, असा नेमच झाला. मी नंबर लावले. मायनर थ्रेट पहिला, बॅड ब्रेन्स दुसरा, डेड केनेडीज तिसरा, ब्लॅक फ्लॅग चौथा. हा निकाल भिलाईत अमान्य असलेला एकही माणूस नव्हता, कारण दुसऱ्या कोणी ते ऐकलंच नव्हतं, असं मी समजत होतो.

आता आत्यांचा वाटा. त्यांनी इथल्याच हुडको कॉलनीतलं एक स्थळ काढलं. मुलीचे वडील दयाराम आपल्याच तुमसरकडचे, प्लांटमध्ये स्टोअरला. मुलगी शैला, बी.एस्सी., तिथल्याच एका शाळेत शिकवते. आम्ही गेलो. पोहे झाले, चिवडा झाला, आत्यांनी दोन्ही घराण्यांची मुळं खणून कुठेतरी एक पणजी सामाईक निघते का तेही पाहून घेतलं. मग, आजकालची पोरं, त्यांना जरा बोलू द्या, म्हणून आम्हा दोघांना आतल्या खोलीत शिलाई मशीनपाशी बसवलं. दाराचा पडदा तेवढा होता, त्यामागे सगळं खानदान. मी घोकून गेलेला प्रश्न विचारला, की गाणी ऐकता का. तिने मान खाली घालून (तेवढीच एकदा घातली) सांगितलं, ‘‘मले ब्लॅक फ्लॅग आवडते.’’

दादा, माझ्या हातातली चहाची बशी त्या मशीनवर सांडली. शाळेच्या गॅदरिंगला मुलींच्या नाचासाठी तिने कॅम्प-१ मधल्या फकिराच्या दुकानातून वर ‘अमेरिकन डिस्को’ असं लिहिलेली आणि आत बँडची नावं उतरवलेली एक कॅसेट आणली होती. पहिल्याच गाण्याला मोठ्या बाईंनी बटण दाबलं आणि परत करून ये म्हणाल्या. ती परत करायला निघाली आणि घरीच घेऊन आली. (हा फकिरा म्हणजे कॅसेटी भरून देणारा. तुझी कॅसेट झिजू नये म्हणून तिची एक प्रत भरायला मीच त्याच्याकडे टाकली होती. त्याने मला एक भरून दिली आणि आणखी भरून गावाला विकत बसला.) म्हणजे सगळ्या भिलाईत हे आवडीने ऐकणारी माणसं दोन, आणि ती दोघं एका पडद्यामागे समोरासमोर! इथे शहाण्या माणसाने हात जोडून हो म्हणून टाकलं असतं. मी म्हणालो, ब्लॅक फ्लॅग चौथा.

तिथून जे पेटलं ते पेटलं. ती म्हणाली, ब्लॅक फ्लॅग पहिला, बॅड ब्रेन्स दुसरा, आणि मायनर थ्रेट शेवटून पहिला, ‘‘अरे, वो तो रेंगते हैं! आजारी माणसावानी गाऊन राहिले.’’ मायनर थ्रेट आणि रांगतो? दूध उतू जायच्या आत ज्यांची दोन गाणी होतात, ते? मी विचारलं, आणि तिसरा? तर म्हणते, तिसरा नंबर आमच्याकडच्या जसगीत पार्टीचा. फकिराने कॅसेटच्या उरलेल्या फितीवर देवीची जसगीतं भरली होती आणि या बाईने मांदर-झांज डेड केनेडीजच्या डोक्यावर नेऊन बसवली! माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला. (तिचे कान लाल होतात. मला हे नमूद करायचं नव्हतं.) बाहेर मंडळींना एवढंच ऐकू जात होतं, की तुझा पहिला कोण, दुसरा कसा काय चालला, तिसरा कुठून काढला. दयारामकाका हातातली बशी ठेवून पडद्यातून आत आले आणि घाम पुसत म्हणाले, ‘‘जावई... म्हणजे नरहरीबापू, आमच्या पोरीचं असं काही नाही जी. हे पहिलंच स्थळ आहे.’’

आठवडाभर मला ते रांगणं टोचत राहिलं. शेवटी फकिराकडे गेलो आणि शैलाने नेली तसलीच एक कॅसेट लावायला सांगितली. दादा, मायनर थ्रेट खरंच रांगत होता. पोरं गात होती ती विहिरीच्या तळातून, झोपेत. मी फकिराची गचांडी धरली तर तो उलट माझ्यावर उपकार केल्याच्या तोऱ्यात म्हणाला, ‘‘भाऊ, आदमी इतना जल्दी गाच नहीं सकता. मशीन भागत होती, मी स्क्रू फिरवून बराबर केली.’’ मला भरून दिलेली एक तेवढी बरोबर, बाकी गावाला त्याने सगळा हार्डकोर पंक हळू करून वाटला होता. मला एवढा आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. पुरावा सापडला होता. टू-इन-वन गोणपाटात गुंडाळून, तुझी मूळ कॅसेट खिशात घालून, मी स्कूटरवर हुडको गाठलं. मनकर्णाकाकूंनी (शैलाची आई) एकदा माझ्याकडे, एकदा गोणपाटाकडे बघितलं आणि मुकाट्याने प्लग दाखवला.

शैलाने मायनर थ्रेट ऐकला, खऱ्या वेगाने, सगळाच्या सगळा. मध्येच परत लाव म्हणाली. परत लावला. हसली. मी विजयी मुद्रेने बसलो होतो. मग म्हणाली की आता कळलं, बरे आहेत, पाचव्यावरून दुसऱ्यावर आणते, बॅड ब्रेन्स सरकतील. पण पहिला ब्लॅक फ्लॅगच. का, तर रागाला घाई नसते. ‘‘माय चिडली ना, की भांडे हळू घासते. तवा आमी सगळे घाबरतो. आदळआपट करते तवा कोनी घाबरत नाही.’’ काकूंनी आतून नेमकं तेव्हाच पातेलं खाली ठेवलं, अगदी सावकाश, आणि दयारामकाका बाहेर अंगणात गेले. मी म्हटलं, माझ्या टाइम ऑफिसात रागवायला मिळतो तोच मुळी मिनिटभर, साहेब पाठमोरा असेल तेवढा. मला घाईचाच राग परवडतो. त्यावर तिने मायनर थ्रेट स्वतःच्या हाताने पुन्हा लावला, पण नंबर हलवला नाही.

मी पण हलवला नाही. झालं, दोन्ही घरांत बोंब. दयारामकाका म्हणतात, जे आत्तापासून एका बाजावर भांडतात ते संसारात काय करतील. बाबांनी त्यांच्या एका कानाने दोन्ही बँड ऐकले आणि दोन्ही रेल मिलपेक्षा कमी आहेत असा निकाल देऊन झोपले. शेवटी तोडगा काढला आत्यांनी. ज्याने हा कचरा घरात आणला त्यालाच विचारा, माझ्या शामला. त्याने त्यातला एक प्रत्यक्ष ऐकला आहे, त्याचं दोघांनी ऐकायचं. शैला कबूल झाली, मी कबूल झालो. तुझं उत्तर येईपर्यंत साखरपुडा थांबला आहे आणि हुडकोच्या मंडळींकडे नागपूरहून आलेलं दुसरं एक स्थळ (बँकेत आहे, भजनं ऐकतो) चहाला येऊन गेलं आहे.

तेव्हा दादा, नीट विचार करून न्याय दे. मायनर थ्रेटचा वेग बघ, नेमकेपणा बघ. ही पोरं दारूला, सिगारेटला शिवत नाहीत हेही लक्षात घे (बाबा म्हणाले, मग ओरडतात कशाला?). नात्यागोत्याकडे पाहू नकोस, पण मी तुझा सख्खा मामेभाऊ आहे हे विसरूही नकोस.

तुझा,
नरहरी

ता.क. वरचं सगळं खोडल्यासारखं समज. निकाल ब्लॅक फ्लॅगच्या बाजूने दे. ती शब्दाची पक्की आहे. हरली तर कबूल करील आणि मग पुन्हा या विषयावर भांडणार नाही. मला ती भांडायला हवी आहे. ती भजनवाल्याच्या घरी जाऊन गप्प बसलेली माझ्याच्याने बघवणार नाही.

ता.क. २. मी फार जोराने बाजू मांडली होती, असं निकालात जरूर लिही. नाहीतर तिला संशय येईल.

ता.क. ३. आत्यांकडून तुझा पत्ता शैलानेही घेतला आहे, तिचंही पत्र येईल. त्यात तिने मायनर थ्रेटला जिंकवायला सांगितलं असेल, तर निकाल देऊच नकोस, आत्यांना लिहून लवकरातली लवकर तारीख काढायला सांग. आणि ब्लॅक फ्लॅगलाच जिंकवायला सांगितलं असेल, तर त्याहून लवकरची.