मुका वटवट्या

३ मार्च, रविवार
तळ्यामागच्या बागेत एक चिमुकला पिवळसर पक्षी. भुवईवर फिकट पट्टा. शेंड्यावर बसून चोच उघडतो-मिटतो, आवाज शून्य. मी लगेच ताडलं, हा वेगळाच. ग्रुपमधली दातांची डॉक्टरीण पुस्तक न उघडता म्हणाली, साधा वटवट्या आहे, छान गातोय की. गातोय म्हणे! बाई दिवसभर ड्रिल मशीनशेजारी उभी असते, कानांचं काय राहिलं असणार. रविवारचा हा पक्षीनिरीक्षणाचा वॉक बावीस वर्षं मी चालवतो. काल आलेल्या बाईने मला शिकवू नये.

४ मार्च
घरातली सगळी पुस्तकं पालथी घातली. न गाणारा वटवट्या एकातही नाही. म्हणजे नवीन जात! नावात माझं आडनाव येणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी कान दाखवून या. हिला माझं कौतुक कधी होतं? शिवाय हल्ली फार पुटपुटते. हिनेच घसा दाखवावा.

१० मार्च, रविवार
पक्षी तिथेच, तसाच मुका. बाकी सगळे माना डोलावत ऐकत होते. संगनमत आहे, दुसरं काय! पोस्टमास्तर माझा जुना दोस्त, त्याला बाजूला घेतलं. तोही म्हणाला, अरे, केवढ्याने ओरडतोय. घरचा भेदी! मला काढून वॉक त्या बाईला द्यायचाय, इतकं सरळ आहे. मोबाइलवर पुरावा रेकॉर्ड करून आणला. घरी आवाज फुल करून ऐकला: वारा, कुत्रा, माझा खोकला. पक्षी नाही. आता बोला म्हणावं!

११ मार्च, सकाळ
रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ज्यांना कान आहेत त्यांनी ऐकावं.

दुपार
अंगठ्यांचा पाऊस. डॉक्टरीणबाई लिहितात, सर, इतकं स्वच्छ गाणं आजवर कुणालाच मिळालं नव्हतं, रिंगटोन ठेवतेय. पोस्टमास्तरने फूल पाठवलं. टिंगल करतात लेकाचे. असं खमकं उत्तर देईन की बास. उद्या.

१२ मार्च
बायको आतून ओरडली, तो पक्षी बंद करा, डोकं उठलं माझं. म्हटलं, फोन बंद आहे, चार्जिंगला लावलाय. ती बाहेर आली, खिडकी सरकवली आणि समोरच्या फांदीकडे बोट केलं. तोच, किंवा त्याचा भाऊ. हातभर अंतरावर. चोच सताड उघडी, गळा थरथरत होता. मी श्वास रोखून ऐकलं. काही नाही.
विचारलं, कधीपासून? म्हणाली, दोन वर्षं तरी झाली. मग पाठीवर हात ठेवून आणखी काहीतरी बोलली, तेही कळलं नाही. वॉकला नवीन माणूस आला की मीच बजावत आलो, आधी कान, मग डोळे. फार वाईट वाटलं. रडू आवरेना.

संध्याकाळ
ग्रुपवर लिहिलं: येत्या रविवारपासून वॉक डॉक्टरीणबाईंनी घ्यावा. माझे गुडघे दुखतात.